शेपूट राहिलं

लॅबमध्ये मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी एक तासही शिकवलेलं नाही. पण आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिला आठवडा माझ्या शेजारच्या स्टुलावर काढावा लागतो, आणि मी एकदा सुरू झालो की आवरत नाही, म्हणून ते नाव पडलं.

मी सांगतो ते साधारण असं. तांबड्या पेशी म्हणजे हमाल. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा, पायाच्या करंगळीपर्यंत पोचवायचा, येताना कर्बवायू घेऊन यायचा. ओझं जास्त मावावं म्हणून त्यांनी स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून दिलंय. डोकं गहाण ठेवून चार महिने राबायचं आणि मग प्लीहेत मोडीत निघायचं. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे आपल्यासारखंच की, मास्तर!" आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.

मग पांढऱ्या. त्यांच्या पाच जाती. न्यूट्रोफिल सगळ्यांत जास्त, शंभरात साठ-सत्तर. जंतू घुसला की हे आधी धावतात, त्याला गिळतात आणि तिथेच मरतात. आपण पू म्हणतो तो बराचसा यांच्याच प्रेतांचा ढीग. लिम्फोसाइट डूख धरणारे, एकदा गाठ पडलेला जंतू वर्षानुवर्षं विसरत नाहीत. मोनोसाइट अंगापिंडाने मोठा, मागाहून येऊन सगळी पडझड खाऊन साफ करणारा. इओसिनोफिलच्या पोटात नारिंगी दाणे, जंत आणि ॲलर्जी ही त्याची खाती. आणि बेसोफिल. तो इतका दुर्मिळ की ज्याला दिसेल त्याला चहा माझ्याकडून.

सगळ्यांत शेवटी प्लेटलेट. त्यांना पेशी म्हणणंही जरा जास्तच. हाडांच्या मगजात एक अगडबंब पेशी असते, तिचे हे उडालेले टवके. पण रक्तवाहिनीला भोक पडलं की हेच टवके एकमेकांना धरतात आणि बूच बसवतात. ते नसतील तर साध्या ओरखड्यानेही माणूस वाहत राहील.

आणि मग मी आवाज चढवून माझा नियम सांगतो. मशीन प्लेटलेट कमी दाखवेल, तेव्हा मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरला की त्याला डोकं, धड आणि शेपूट असतं. डोक्याशी पेशींची गर्दी, धडात नीट मोजता येतात, आणि शेपटाकडे, जिथे थर विरळ होत संपतो, तिथे कुणी फिरकत नाही. तिथे जायचं. कारण काही माणसांचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घातलं की त्यातल्या औषधामुळे प्लेटलेट उगाचच एकमेकांना चिकटतात. जखम नाही, काही नाही, नुसतेच गठ्ठे. मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट वाटतच नाही, ते मोजत नाही. माणूस ठणठणीत आणि कागदावर मरायला टेकलेला. ते गठ्ठे सापडतात शेपटाशी. मग निळ्या टोपणाच्या नळीत, दुसऱ्या औषधात रक्त घ्यायचं आणि पुन्हा मोजायचं. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं करायचं नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. सगळे हसतात.

हे मी तेवीस वर्षं शिकवतोय. अकरा वर्षांपूर्वीही शिकवत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे माझ्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही नाही.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. या लॅबच्या कोर्सचा अर्ज तिने भरला होता, मी तेव्हा झोपलो होतो. शेवटचा दिवस होता आणि मी उठेन अशी तिला खात्री नव्हती. सहीसुद्धा तिनेच ठोकली. माझं पोट ज्यावर भरलं त्या कागदावर तिची सही आहे. मला ती आजही धाकट्या म्हणते, आणि माझे अर्धे केस गेलेत.

ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कानावर पेन्सिल, चष्मा नाकाच्या टोकावर. जे तपासायला आलं नाही तेही तपासायचे. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, दुकानाच्या पाट्या, माझ्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या, त्यातली एक माझ्या बायकोच्या नावात होती. माणूस शब्दाचा कीस काढणारा, पण मला आवडायचा. त्यांच्या दोन्ही किडन्या हळूहळू गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, परत यायचं, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, असं दीड वर्ष चाललं. त्यांच्या आईचं वय झालेलं, धाकट्या भावाला मधुमेह. ताई म्हणाली, माझी घ्या. सगळं जुळलं. ऑपरेशनची तारीख मिळाली. आठ दिवस आधी नेहमीची रक्ततपासणी करायची होती, आणि ती म्हणाली, "सुई धाकट्याच टोचेल, बाकी कुणी नको."

मी टोचली. जांभळी नळी मशीनमध्ये लावली. प्लेटलेट अडतीस हजार. निदान दीड लाख तरी लागतात. आकड्यापुढे मशीनने चांदणी छापली होती. चांदणीचा अर्थ, स्लाइड बघा. दहातल्या एका रिपोर्टवर चांदणी यायचीच, त्यामुळे तिचं आम्हाला अप्रूप उरलं नव्हतं.

मी थेंब पसरला, काच रंगवली, वाळत उभी केली. आणि टेबलावरचा रबरी शिक्का उचलून रिपोर्टवर मारला. "स्लाइड पाहिली."

सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचं बटणसुद्धा मी दाबलं नाही.

त्या दिवशी कामाचा डोंगर होता, असं मी पुढे स्वतःला खूपदा सांगितलं. नव्हता. नेहमीइतकंच काम होतं. खरी गोष्ट अशी की तो आकडा मला आवडला. ताईचं पोट फाडून एक धडधाकट अवयव काढणार, या विचाराने मी महिनाभर नीट जेवलो नव्हतो, आणि तोंडाने मात्र "शाब्बास ताई" म्हणत होतो. मशीनने माझ्या मनातलं कागदावर छापून दिलं. आयतं कोलीत मिळाल्यावर माकड काय करणार? मी खोटा आकडा लिहिला नाही. मी फक्त खरा आकडा शोधला नाही.

रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. भाऊजींनी तो दोन्ही हातांनी धरून वाचला. वाईट बातमी होती ती, त्यांच्या जिवाची, पण सवय कुठली जाते. कानावरची पेन्सिल काढून शिक्क्याजवळ टेकवली आणि म्हणाले, "'स्लाइड पाहिली.' कोणी पाहिली? या वाक्यात कर्ताच नाही."

"मी पाहिली भाऊजी. अजून कोण पाहणार?"

"मग तसं लिहायचं," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे?" आणि हसले. मीही हसलो.

किडनीच्या डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. पुन्हा मीच, पुन्हा जांभळी नळी. एक्केचाळीस हजार. आता बघायला हवं होतं. पण आता मला बघायची भीती वाटत होती, कारण गठ्ठे दिसले असते तर पहिल्या शिक्क्याचं काय सांगणार होतो? डॉक्टरांचा फोन आला.

"मास्तर, तुमच्या स्वतःच्या बहिणीचं रक्त आहे, म्हणून विचारतो. स्लाइड नीट पाहिलीत ना?"

"पाहिली, सर."

खोटं बोलायला पहिल्यांदा जड जातं, दुसऱ्यांदा जीभ आपणहून वळते. डॉक्टरांचा माझ्यावर विश्वास होता. गावभर नाव होतं माझं. त्यांनी ऑपरेशन रद्द केलं आणि ताईला रक्ताच्या तज्ज्ञांकडे जायला सांगितलं. त्यांची वेळ दोन महिन्यांनंतरची मिळाली. तोवर भाऊजींचं दुखणं विकोपाला गेलं होतं. ताई म्हणाली, "माझं नंतर बघू," आणि ते नंतर कधी आलंच नाही.

सात महिन्यांनी भाऊजी गेले. रक्त धुण्यासाठी मानेत बसवलेल्या नळीतून जंतू आत शिरले. त्यांचं शेवटचं रक्त माझ्याकडेच आलं. शंभर पांढऱ्या पेशी मी एकेक करून मोजल्या, त्यातल्या चौऱ्याण्णव न्यूट्रोफिल. अर्धवट वाढलेल्या, घाईने बाहेर काढलेल्या, मिसरूड न फुटलेली पोरं लढाईला धाडावीत तशा. ती काच मी डोक्यापासून शेपटापर्यंत दोनदा पाहिली. तेव्हा वेळ होता माझ्याकडे.

अंत्यविधीनंतर भाऊजींचा धाकटा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "सख्खा भाऊच लॅबमध्ये असल्यावर रिपोर्ट हवा तसा येणारच. वाचवलं बहिणीला."

मी असा काही भडकलो की विचारू नका. "माझ्या हातून एक खोटा आकडा गेल्याचं दाखवा," मी ओरडलो, "उद्याच्या उद्या नोकरी सोडतो!" आकडा खोटा नव्हताच ना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. लोकांनी मला धरलं, पाणी दिलं. ताई कोपऱ्यात बसली होती. ती माझ्याकडे पाहत होती. त्या घराशी मी संबंध तोडले, मोठ्या तोऱ्यात. ताई वेगळी राहायला लागली, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

त्यानंतर ती जपून जगली. "माझं रक्तच थांबायचं नाही," म्हणायची. घरातल्या धारदार सुऱ्या फडक्यात गुंडाळून खणाच्या तळाशी, आणि भाजी बोथट सुरीने रेटून कापायची. सायकल विकली. दाढ किडली तर उपटून घ्यायचं नाव नाही, वर्षभर एका बाजूने चावली. एकदा माझ्याच स्वयंपाकघरात डब्याच्या पत्र्याने तिचं बोट कापलं. चांगलं खोल. ती पांढरीफटक पडली. मी बोट दाबून धरलं, तीन मिनिटांत रक्त थांबलं. "बघ, किती चिवट आहेस," मी म्हणालो. वर्षानुवर्षं हेच शिकवणारा माणूस मी. माझ्या अंगठ्याखाली तिच्या प्लेटलेट बूच बसवत होत्या आणि मी विनोद केला.

तर या वर्षी ताईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनला पर्याय नाही, सर्जन म्हणाले, आधी रक्त तपासा. ती घाबरली होती. "टेबलावरच वाहून जाईन मी, धाकट्या." सुई मीच टोचली. मशीनने बेचाळीस हजार दाखवले, पुढे चांदणी. पण त्या दिवशी सूक्ष्मदर्शकावर मी नव्हतो, गोगलगाय होती.

गोगलगाय हे नाव मीच ठेवलेलं. चाळिशीची बाई, दुसऱ्या लॅबमधून बदलून आलेली. तिला पहिल्या दिवशी मी माझं भाषण ऐकवलं, तर ती म्हणाली, "हो, माहितेय," आणि कामाला लागली. एका स्लाइडला मला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लावायची. मी तिच्यामागे खूप कटकट केली होती. दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली.

"मास्तर, तुमच्या ताईंच्या स्लाइडवर शेपटाशी गठ्ठेच गठ्ठे आहेत. मी त्यांना थांबवून निळ्या नळीत पुन्हा घेतलं रक्त. दोन लाख छत्तीस हजार. काही झालेलं नाही त्यांना." ती खरोखर आनंदात होती. मग सहज म्हणाली, "त्या म्हणाल्या, अकरा वर्षं त्यांना कमी-कमी म्हणतायत. मग आधी कुणी बघितलं नाही का?"

"बघतो," मी म्हणालो.

आमच्या तळघरात जुन्या स्लाइड ठेवायच्या लाकडी पेट्या आहेत. नियमाने कधीच फेकून द्यायला हव्या होत्या. फेकायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते आळसाने कधी केलं नाही, एवढाच माझ्या आळसाचा उपयोग. तासाभराने सापडली. काचेच्या कडेला माझ्याच अक्षरात नंबर. ती उजेडात तिरकी धरली.

स्लाइड मोठी करून बघायची तर वर तेलाचा थेंब टाकावा लागतो. नंतर कितीही पुसलं तरी तेलाचा पुसट डाग राहतोच. या काचेवर काहीच नव्हतं. रंगवून ठेवली तशी ती कोरी करकरीत होती. अकरा वर्षांत तिच्याकडे कुणीही पाहिलेलं नव्हतं, आणि हे ती काच न विचारता सांगत होती.

वर येऊन मी दिवा लावला, तेल टाकलं आणि सरळ शेपटाशी गेलो. शोधावंही लागलं नाही. जांभळट टवक्यांचे पुंजकेच्या पुंजके, वीस-वीस, तीस-तीस, एकमेकांना घट्ट धरून बसलेले. वर्षापूर्वी लॅबमध्ये आलेल्या नवशिक्यालाही दिसले असते. दोन मिनिटं लागली मला. भाऊजी वाचलेच असते असं नाही. नवी किडनी अंगाने नाकारली असती, दुसरं काही उपटलं असतं. जर-तर मीही जाणतो. पण त्यांना ती मिळाली नाही, आणि त्याचं कारण मी होतो.

ताईच्या घरी जाताना वाटेत मी एक सोपी वाट शोधून काढली. सांगायचं, "ताई, वाढल्या गं तुझ्या प्लेटलेट. होतं असं कधी कधी." ती देवाचे आभार मानेल, ऑपरेशन पार पडेल, कुणाचं काही बिघडणार नाही. गोगलगाय तिला पुन्हा कुठे भेटणार आहे? माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. एवढं नाव कमावलं, शेवटी त्याला काळं कशाला लावायचं? मी ते वाक्य दोन गल्ल्यांत चार वेळा घोकलं.

ताईने दार उघडलं. माझ्या हातातला रिपोर्ट पाहून तिथेच भिंतीला टेकली.

"किती?"

"दोन लाख छत्तीस हजार. एकदम ठीक आहेस तू."

पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण ताईने डोळे मिटले आणि हळूच मान हलवली, काही जुनंच ऐकल्यासारखी.

"म्हणजे तेव्हाही ठीकच होते," ती म्हणाली. "बस, धाकट्या. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू खोटा रिपोर्ट दिलास ते. त्यांचा भाऊ बोलला ना, त्याच्याही आधीपासून. तू रिपोर्ट घेऊन आलास तेव्हाच तुझा चेहरा पाहिला होता मी. लहानपणी काही फोडलंस की असाच चेहरा करायचास." ती खुर्चीत बसली. "पहिली दोन वर्षं तुझं तोंड बघावंसं वाटायचं नाही. तरी मी कुणाला बोलले नाही. का सांगू? तू सांगितलंस तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. मला भीती वाटत होती रे चिरून घ्यायची. त्यांच्यासमोर हसत होते आणि रात्रभर जागत होते. मग मी काय म्हणून तुला बोलू? सुऱ्याबिऱ्या लपवायचे ते लोकांसाठी आधी. नंतर सवय झाली. नंतर खरंच भीती वाटायला लागली. कधी वाटायचं, धाकट्या खोटं बोलला असेल. कधी वाटायचं, नसेल, मी खरंच आजारी असेन. पण एकटी असले की एक विचार करायचे. या जगात एक माणूस आहे, ज्याने माझ्यासाठी एवढं मोठं पाप डोक्यावर घेतलं. त्यावर काढली मी ही वर्षं."

आणि तिने माझा हात हातात घेतला.

आता तर दोन सोप्या वाटा होत्या. नुसतं गप्प बसायचं होतं. मान खाली घालायची होती, बाकी सगळं तिनेच करून ठेवलं होतं. मी पापी होतो, पण तिच्या हिशोबी मोठ्या मनाचा पापी. आईची शपथ, मी बसलोही असतो गप्प. पण ती म्हणाली, "तुझे उपकार आहेत माझ्यावर," आणि ते मला सोसवेना. खिशात ती काच रुमालात गुंडाळलेली होती.

"ताई, मी खोटा रिपोर्ट दिला नाही."

"आता कशाला लपवतोस?"

"मी बघितलंच नाही. मशीनने चुकीचा आकडा दिला. स्लाइड बघितली असती तर चूक कळली असती. मी बघितली नाही आणि बघितली असा शिक्का मारला. दोन्ही वेळा."

तिला समजायला वेळ लागला. मी रुमाल सोडला, काच दाखवली, तेलाचं सांगितलं, गठ्ठ्यांचं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझा हात मात्र तिने कधी सोडला ते मला कळलं नाही.

"म्हणजे मला वाचवायचं म्हणून नाही."

"तुला कापणार नाहीत याचा आनंद झाला होता. खूप झाला होता. म्हणूनच..."

"ते नाही विचारत. तू ठरवून केलंस का?"

"नाही."

"किती वेळ लागला असता बघायला?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "खोटं बोलला असतास तर परवडलं असतं रे. त्यांचा जीव माझ्यापायी गेला असता. मी तेवढं धरून बसले होते. आता तो कशापायी गेला म्हणू? तुला कंटाळा आला म्हणून?"

मी रडलो. ती रडली नाही. उठून आत गेली आणि कपाटातली दवाखान्याची जुनी फाईल घेऊन आली. माझा रिपोर्ट त्यात होता, घडीवर फाटायला आलेला. तिने तो टेबलावर सपाट केला. शिक्क्याची शाई पुसट झाली होती, पण वाचता येत होती. "स्लाइड" आणि "पाहिली" यांच्यामध्ये पेन्सिलीचं एक लहानसं टोक काढलेलं होतं, मुद्रितात शब्द सुटला की भाऊजी काढायचे तसलं. आणि समासात त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात एकच शब्द होता. "कोणी?"

त्या दिवशी त्यांनी पेन्सिल टेकवल्याचं मला आठवत होतं. लिहिल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"त्यांनी विचारलं होतं तुला," ताई म्हणाली. "उत्तर लिही."

मी तिच्या टेबलावरची पेन्सिल उचलली.

"पेनाने."

माझ्या खिशात लॅबचं पेन होतं. भाऊजींच्या शब्दाशेजारी जागा थोडीच होती, तरी पुरली. मी लिहिलं, "कोणीच नाही." खाली सही केली, तारीख घातली. ताईने कागद फिरवून आपल्याकडे घेतला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचला, भाऊजी वाचायचे तसा. मग घडी घालून फाईलमध्ये परत ठेवला. ती काचही तिने मागून घेतली आणि त्याच फाईलच्या कप्प्यात सरकवली.

इतक्या वर्षांत तिच्या घरून मी कधी उपाशी परतलो नव्हतो. भांडण असो, आजारपण असो, ताट व्हायचंच. ती फाईलवर हात ठेवून उभी राहिली.

"धाकट्या," ती म्हणाली, "आज जेवायला थांबू नकोस."

मी चपला घातल्या. जिना उतरताना मला मागे दाराची कडी लागल्याचा आवाज आला.